नर्सेस डेची भेट: घड्याळ घ्या, ट्रॉफी सोडा

12 मे, म्हणजे नर्सेस डे, जवळ आला की मुंबईतल्या बऱ्याच हॉस्पिटलांची खरेदी ठरलेली असते. धोबी तलावहून काचेच्या ट्रॉफ्या, क्रॉफर्ड मार्केटमधून घाऊकात चहाचे मग, कोपऱ्यावरच्या बेकरीतून केक. या आणि अशाच नेहमीच्या भेटी इथे एकाच निकषावर तपासल्या आहेत: नाइट करणाऱ्या सिस्टरला किंवा ब्रदरला याचा उपयोग काय?

ट्रॉफी आधीच निकालात काढू. जड, कोपरे टोकदार, आणि ती गर्दीच्या विरार फास्टमधून घरी न्यायची. वर मजकूर ‘उत्कृष्ट सेवेबद्दल’. म्हणजे नेमकं काय केलं म्हणून? ते देणाऱ्यालाही सांगता येत नाही. केकला विरोध नाही, पण मे महिन्याच्या उकाड्यात क्रीम टिकत नाही आणि कार्यक्रम सकाळी अकराला ठेवला की आदल्या रात्रीची नाइट घरी झोपलेली असते. त्या दिवशीच्या नाइटला उरतो रिकामा खोका. तिन्ही पाळ्यांना वेगवेगळा केक पाठवा, नाहीतर नकोच. नाइटिंगेलबाईंच्या नावाने दिवे लावायचेच असतील तर हॉलमध्ये. ऑक्सिजन चालू असलेल्या वॉर्डात मेणबत्ती नेऊ नये, तिथे सेलवरचे दिवे बरे.

खरी कामाची वस्तू म्हणजे फॉब वॉच. छातीवर पिनने उलटं लटकतं, त्यामुळे घालणाऱ्याला सुलटं दिसतं. मनगट मोकळं राहतं, हात कोपरापर्यंत नीट धुता येतात. पण घाऊकमध्ये घेताना बहुतेक ठिकाणी एकच चूक होते: डायलवर हॉस्पिटलचा भला मोठा लोगो छापून घेतात. सेकंदांच्या खुणा त्याखाली जातात आणि घड्याळ शोभेचं होतं. सिस्टरला तासकाट्यापेक्षा सेकंदकाटा महत्त्वाचा. श्वास पूर्ण 60 सेकंद मोजायचे असतात. 500 मिलीची सलाईन 8 तासांत सोडायची आणि सेट (सलाईनची नळी) 20 थेंबांना 1 मिलीचा असेल, तर मिनिटाला साधारण 21 थेंब बसतात. म्हणजे 15 सेकंदांत पाचाच्या किंचित वर. सेकंदकाटा लाल किंवा वेगळ्या रंगाचा हवा, 60 खुणा स्वच्छ दिसायला हव्यात आणि रात्री वॉर्डातले दिवे मंद असताना काटे चमकायला हवेत. लोगो मागच्या बाजूला कोरून घ्या, सोबत नावही. एकसारखी चाळीस घड्याळं चेंजिंग रूममध्ये पडली की कोणाचं कुठलं, हा वाद कायमचा मिटतो.

साखळीचं घड्याळ दिसायला छान, पण सिस्टर वाकली की ते पेशंटच्या अंगावर झुलतं आणि साखळीच्या कड्यांत मळ बसतो. सिलिकॉनच्या कव्हरचं घ्या. त्यातून घड्याळ बाहेर काढून कव्हर साबणाने धुता येतं. न काढता वरवर पुसलं तर आतल्या खाचेत ओल राहते. हल्ली पिनऐवजी चुंबकावर चिकटणारी घड्याळंही मिळतात. युनिफॉर्मला भोक पडत नाही हे खरं, पण पेसमेकरवाल्या पेशंटवर वाकणाऱ्या माणसाच्या छातीवर चुंबक नको. एमआरआयच्या खोलीत तर पिनचं असो वा चुंबकाचं, घड्याळ बाहेर काढूनच जायचं.

स्वस्तातल्या घड्याळांची काच अ‍ॅक्रिलिकची, म्हणजे प्लास्टिकची असते. स्पिरिटच्या बोळ्याने रोज पुसून तिला बारीक तडे जातात, काच धुरकट होते आणि मग घड्याळ ‘खराब निघालं’ म्हणतात. म्हणून मिनरल ग्लास, म्हणजे खरी काच, विचारून घ्या. ऑर्डरआधी एक नमुना मागवा, दिवसभर मोबाइलच्या घड्याळाशी ताडून बघा, मागचं झाकण उघडून सेल बदलता येतो का तेही बघा. झाकण गोंदाने चिकटवलेलं असेल तर सेल संपला की घड्याळ संपलं.

दुसरी चांगली भेट म्हणजे पायाचे कॉम्प्रेशन स्टॉकिंग्ज, म्हणजे सूज येऊ नये म्हणून पोटरी आवळून धरणारे मोजे. ते प्रिन्सेस स्ट्रीटच्या सर्जिकल दुकानांत मिळतात. रोजच्या उभ्या कामाला 15 ते 20 एमएमएचजी (दाब मोजायचं एकक) दाबाचे पुरतात. इथे ‘फ्री साइज’ हा शब्द ऐकला की दुकान बदला. घोटा आणि पोटरी, दोन्हींचा घेर टेपने मोजून साइज ठरते, आणि माप सकाळी घ्यायचं, पाय सुजायच्या आत. वरची पट्टी घट्ट बसली तर गुडघ्याखाली रक्त अडतं. उपाय राहिला बाजूला. पायाच्या धमन्यांचा त्रास किंवा मधुमेहामुळे संवेदना कमी असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नयेत. पावसाळ्यात बोटं उघडी असलेला प्रकार बरा, ओल साचत नाही.

पैशाने न मिळणारी भेट म्हणजे पेशंटने लिहिलेली चार ओळींची चिठ्ठी. नर्सेसना दिल्या जाणाऱ्या अमेरिकेतल्या डेझी पुरस्काराचा पायाच हा आहे. 1999 मध्ये पॅट्रिक बार्न्स हा तरुण गेला, त्याच्या कुटुंबाने नर्सेसचे आभार मानायला तो सुरू केला. पेशंट, नातेवाईक, सहकारी यांपैकी कोणीही लिहू शकतं आणि काय केलं ते लिहायचं असतं. हे आपल्याकडे करताना अडचण अशी की पेशंटला नाव माहीत नसतं, त्याच्यासाठी सगळ्या ‘सिस्टर’च. म्हणून चिठ्ठीच्या छापील फॉर्मवर वॉर्ड, बेड नंबर, तारीख आणि पाळी एवढं असलंच पाहिजे. नाव इन्चार्ज सिस्टर ड्युटीच्या चार्टवरून शोधतील. फॉर्म मराठी-हिंदीत हवा. चिठ्ठ्यांची पेटी गेटवर नको, बिलिंग काउंटरला ठेवा. डिस्चार्जच्या दिवशी नातेवाईक तिथे तासन्‌तास बसलेले असतातच. चिठ्ठीची प्रत सिस्टरच्या वैयक्तिक फाइलला लागली पाहिजे, नाहीतर बढतीच्या वेळी ती कोणी बघत नाही.

या पद्धतीत एक भोक आहे. ऑपरेशन थिएटर आणि निर्जंतुकीकरण विभागातल्या सिस्टरांना कधीच चिठ्ठी येत नाही. तिथला पेशंट भुलीत असतो किंवा नसतोच. त्यांची नावं सर्जन आणि भूलतज्ज्ञांनी लिहून द्यायची, तशी जागा फॉर्मवर ठेवा.

आणि बजेटच नसेल तर? मग गणपतीच्या सुट्ट्यांचा चार्ट महिनाभर आधी लावा. कोकणात जाणाऱ्यांचं तिकीट त्यावर अवलंबून असतं. गेल्या वर्षी ज्यांनी गणपतीत ड्युटी केली त्यांना यंदा आधी विचारा, आणि लागलेला ऑफ ऐनवेळी कापू नका. मेट्रनबाईंच्या सहीने एवढं झालं, तर मगांची ऑर्डर रद्द केलेली चालेल.