समास असलेला फॉर्म: फील्डवर्कला कागद न्यावा की मोबाईल?

पाऊस ओसरून नव्या भाताची कापणी सुरू झाली की आमच्याकडे फील्डवर्कचे दिवस येतात. समाजशास्त्राची मुलं गावागावांत निघतात, सार्वजनिक आरोग्यवाले वाड्यावाड्यांवर, नदी आणि खाडीवर काम करणारे बाटल्या घेऊन होडीत. या सगळ्यांचा एक प्रश्न सारखा असतो: प्रश्नावली कागदावर छापून न्यायची, की मोबाईलमध्ये भरायची? मी दोन्ही केलं आहे, आणि तेही एकाच अभ्यासात. गोव्यातल्या तिसवाडी तालुक्यात खाजन शेतांपैकी, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांपैकी, किती पडीक आहेत आणि का, हा माझा विषय होता. पहिली साधारण शंभर घरं मोबाईलवर केली, उरलेली कागदावर. लोक सहसा कागदाकडून मोबाईलकडे जातात, मी उलट आलो. त्याचं कारण सांगण्यासाठी हे लिहितो आहे. अनुभव एका माणसाचा, एका तालुक्यातला आहे, तेवढं धरूनच वाचावं.

मोबाईलचे फायदे आता कुणाला पटवून द्यायला नकोत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची 2005-06 ची फेरी कागदावर झाली होती. 2015-16 च्या फेरीपासून माहिती थेट संगणकावर घेतली जाऊ लागली. 2011 ची जनगणना कागदी होती, पुढची मोबाईल ॲपवर ठरली आहे. ओडीके, कोबोटूलबॉक्स यांसारखी मोबाईलवर प्रश्नावली भरायची साधनं विद्यार्थ्याच्या आवाक्यात आहेत, फॉर्म साध्या एक्सेल फाईलमध्ये बनतो, नेटवर्क नसलं तरी भरता येतो आणि घरी आल्यावर पाठवता येतो. त्यामुळे सत्तरी किंवा काणकोण तालुक्यात रेंज नाही, या कारणावरून मोबाईल नाकारू नका.

आरोग्याच्या अभ्यासाला तर मी मोबाईलच घ्या म्हणेन. माझी एक मैत्रीण बार्देशात उच्च रक्तदाबावर काम करत होती. तिच्या प्रश्नावलीत ‘गोळ्या घेता का’ याचं उत्तर ‘नाही’ आलं की पुढचे नऊ प्रश्न गाळायचे होते, ‘हो’ आलं तर त्यातले चार वेगळ्या क्रमाने विचारायचे होते. कागदावर असे बाण काढले की चांगला प्रशिक्षित माणूसही संध्याकाळी पाचनंतर चुकतो. मोबाईल चुकत नाही. रक्तदाबाचा वरचा आकडा खालच्यापेक्षा कमी भरला तर तो पुढे जाऊ देत नाही. घरातली आजी कोंकणीत बोलते, सून मराठीत, मुलगा इंग्रजीत, आणि फॉर्मची भाषा एका बोटाने बदलते. त्याच माणसाकडे सहा महिन्यांनी परत जायचं असेल तर जुनी नोंद लगेच सापडते. तिथे कागदाचा आग्रह धरणं म्हणजे स्वतःच्या मागे काम लावून घेणं.

आता माझी अडचण सांगतो.

खाजन म्हणजे खाडीच्या भरतीखाली जाणारी जमीन बांध घालून अडवून केलेली शेती. बांधाला जागोजागी मानशी (एक असेल तर मानस) असतात. मानशीची लाकडी दारं भरतीच्या पाण्याच्या दाबाने मिटतात आणि ओहोटीला उघडून आतलं पाणी बाहेर सोडतात. पावसाने मीठ धुऊन गेलं की सोरदाचं म्हणजे पावसाळी पीक, त्यातही कोरगुटसारखं खारं सोसणारं भात. ही शेतं आज बऱ्याच ठिकाणी पडीक आहेत. माझ्या फॉर्मवर प्रश्न होता: शेत पडीक राहण्याचं मुख्य कारण काय? खाली पर्याय होते: मजूर मिळत नाहीत, बांध फुटला, खारं पाणी आलं, उत्पन्न परवडत नाही, घरात करणारं कुणी नाही, इतर. हे पर्याय वाचनातून काढलेले होते आणि माझ्या मार्गदर्शकांनी तपासलेही होते.

चोडणला एका घरी सोप्यावर बसलो होतो. आजोबांनी ‘खारं पाणी’ म्हटलं, मी तो पर्याय दाबला. त्यांनी पुढे बोलायला सुरुवात केली, मानशीबद्दल काहीतरी होतं. मला ते ‘इतर’मध्ये लिहून घ्यायचं होतं, म्हणून मी मान खाली घालून देवनागरी टाईप करू लागलो. जोडाक्षर चुकलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. वर पाहिलं तेव्हा ते गप्प झाले होते. म्हणाले, ‘तुजें बरोवन जावंदी, मागीर सांगतां.’ तुझं लिहून होऊ दे, मग सांगतो. माझं लिहून झालं, स्क्रीनवर पुढचा प्रश्न आला, तो विचारला, आणि ते ‘मागीर’ काही आलं नाही.

हे एकदाच घडलं असतं तर विसरलो असतो. पण पुढच्या तीन आठवड्यांत हेच वाक्य, थोड्याफार फरकाने, मी इतक्यांदा ऐकलं की रात्री नोंदी तपासताना ते कानात वाजायचं. माणसं माझ्या कामाचा मान राखत होती. कोणी लिहीत असताना मध्ये बोलू नये, हे त्यांच्या वळणाला धरूनच होतं. दोष त्यांचा नव्हता. मोबाईलवर लिहिताना बोटं, डोळे आणि लक्ष तिन्ही एकदम खाली जातं. पेन्सिलीने लिहिताना तसं होत नाही, समोरच्याकडे बघत दोन शब्द कागदाच्या कडेला खरडता येतात आणि बोलणाऱ्याचा धागा तुटत नाही.

शंभर घरांनंतर मी उरलेल्या फॉर्मच्या झेरॉक्स काढल्या. छापताना उजव्या बाजूला चार बोटं समास मोकळा सोडला. प्रश्न तेच, पर्याय तेच. फरक फक्त त्या मोकळ्या पट्टीचा. दिवाडी आणि जुव्यातली पहिली वीस-पंचवीस घरं झाल्यावर एका रात्री फॉर्म पसरून बसलो, आणि खुणांकडे न बघता नुसते समास वाचत गेलो. ‘मानस उघडी’, ‘पावणी घेतलेला दार लावत नाही’ (पावणी म्हणजे लिलाव), ‘मासळीसाठी’, ‘बांध शाबूत, मानस नाही’, ‘पावणी पंचवीस वर्षांपूर्वी एवढी चढत नसे’. वेगवेगळ्या वाड्यांवरची, एकमेकांशी बोलणं नसलेली माणसं एकच गोष्ट सांगत होती. मानशीवर मासेमारीचा हक्क पावणीने दिला जातो. दार भरतीला उघडं राहिलं तर मासळी जास्त आत येते, आणि तिच्याबरोबर खारं पाणी शेतात. माझ्या पर्यायांमध्ये ‘बांध फुटला’ होतं आणि ‘खारं पाणी आलं’ होतं. पण बांध धड असताना, दार उघडं ठेवल्यामुळे खारं पाणी आलं, याला जागाच नव्हती. खाजनावर काम केलेल्या जाणकारांना हा तंटा नवा नाही, पुस्तकांतही तो आहे. माझ्या प्रश्नावलीत मात्र तो नव्हता, आणि मोबाईलवरच्या शंभर नोंदींत तो ‘खारं पाणी’ या एका शब्दाखाली दडून राहिला होता. त्या घरांपैकी जमली तेवढी मी पुन्हा केली, कागद घेऊन.

जमीन कोणाची, या प्रश्नाचंही असंच झालं. स्वतःची, कुळाची, कोमुनिदादीची म्हणजे जुन्या गावसंस्थेची असे तीन पर्याय होते. समासात आलं ते असं: ‘सातबारासारख्या आमच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर कोमुनिदाद, कुळात वडील, कसतो काका, कोर्टात केस’. यातला कोणता गोल काळा करायचा ते रात्री शांतपणे ठरवता आलं. मोबाईलने ते तिथल्या तिथे ठरवायला लावलं असतं, आणि लाल अक्षरात अडवून ठेवलं असतं.

वयाचंही सांगतो, कारण गोव्यात हे कामाला येईल. सत्तरी ओलांडलेली माणसं वय आकड्यात कमी सांगतात, प्रसंगात जास्त सांगतात. ‘मुक्तीच्या वर्षी मी पहिलीत होतो’, ‘जनमत कौलाच्या वेळी माझं पहिलं मूल पोटात होतं’. मुक्ती 19 डिसेंबर 1961, जनमत कौल 16 जानेवारी 1967, घटक राज्य 30 मे 1987, एवढी तीन खुंटं पाठ असली की वय बऱ्यापैकी बांधता येतं. कागदावर ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं आणि घरी हिशेब केला. मोबाईलच्या चौकटीला तिथल्या तिथे दोन अंकी आकडा हवा असतो, म्हणून अंदाजाने भरला जातो, आणि पुढे तो अंदाज कुठून आला ते कुणालाच कळत नाही. फॉर्म आधीच हुशारीने बनवला तर हे प्रसंग पर्याय म्हणून टाकता येतात, हे मान्य. पण गावाचे असे प्रसंग कोणते, हे तुम्हाला पहिली तीस घरं झाल्याशिवाय कळत नाही.

रेकॉर्डर का नाही, असं कोणी विचारेल. बोलणं रेकॉर्ड करायला परवानगी लागते, ती घेतलीच पाहिजे, आणि ज्या शेताची केस कोर्टात आहे त्याबद्दल माणूस रेकॉर्डरसमोर जपून बोलतो. शिवाय दोनशे घरांचं रेकॉर्डिंग ऐकून उतरवणार कोण? दहा-बारा लांब मुलाखतींना ते ठीक आहे.

कागदाची बाजू गोड करून सांगायची नाही. दोनशे फॉर्मची एंट्री मला एकट्याला अकरा रात्री पुरली, आणि चुका पकडण्यासाठी तीच एंट्री दुसऱ्यांदा करून दोन्ही ताळून पाहावी लागली. सात फॉर्मवर एकेक पान विचारायचंच राहून गेलं होतं, मोबाईलवर ते शक्यच नव्हतं. काही ठिकाणी माझंच अक्षर मला लागलं नाही. जुव्याहून परतताना अवकाळी सरीत एक गठ्ठा भिजला. पेन्सिलीचं लिहिलेलं वाचलं, शाईचं पसरलं. नाव आणि घराचं वर्णन असलेलं पान मी वेगळ्या फाईलीत ठेवत होतो, कारण गठ्ठा फेरीबोटीत विसरला तर कोणाचं काय बोलणं होतं ते कुणाच्या हाती जाऊ नये. मोबाईलला पासवर्ड असतो, कागदाला नसतो. हे ओझं कागद घेणाऱ्याने आपलं म्हणून उचललं पाहिजे.

निसर्गविज्ञानाबद्दल मला थोडंच सांगता येईल. त्याच अभ्यासात मानशीच्या आत-बाहेर पाण्याचा खारटपणा मोजत होतो, हातात धरायच्या रिफ्रॅक्टोमीटरने, भरती आणि ओहोटीला. ओल्या बोटांना मोबाईलचा पडदा नीट दाद देत नाही, हे होडीत बसल्यावर पाच मिनिटांत कळतं. पेन्सिल ओल्या कागदावरही चालते. पण ठिकाणाचे अक्षांश-रेखांश, नेमकी वेळ आणि फोटो यांना मोबाईलला तोड नाही. मानशीच्या दाराचा वेळेसकट काढलेला फोटो पुढे मला कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त उपयोगी पडला. तेव्हा तिथे वाचन वहीत आणि जागा मोबाईलमध्ये, असं मी केलं. दुसऱ्यांचं वेगळं असू शकेल.

म्हणून विचाराल तर असं सांगेन. प्रश्न ठरलेले आहेत, पर्याय आधी कुणीतरी गावोगाव घासून पाहिलेले आहेत, घरं हजारांत आहेत किंवा माहिती गोळा करणारे अनेक जण आहेत, तर मोबाईल घ्या. तुमचा पहिलाच अभ्यास आहे, घरं दोन-तीनशे आहेत, तुम्ही स्वतःच जाणार आहात आणि लोक त्या गोष्टीचे भाग कसे पाडतात हे तुम्हाला अजून माहीत नाही, तर माझं मन कागदाकडे झुकतं, आणि खरं सांगायचं तर बरंच झुकतं. मार्गदर्शक मोबाईलचा आग्रह धरत असतील तर निदान पहिली तीस घरं कागदावर करू द्या, असं त्यांना सांगून पाहा.

कागद घेतलात तर एवढं करा. एका बाजूलाच छापा, उजवा समास चार बोटं ठेवा, पान क्रमांक आणि घर क्रमांक प्रत्येक पानावर असू द्या. शाळेचं पॅड, दोन पेन्सिली, प्लास्टिकची पिशवी. उठण्याआधी सगळी पानं एकदा उलटून बघा. घरी आल्यावर जेवणाआधी प्रत्येक पानाचा फोटो काढा आणि त्याच रात्री मोबाईलच्या फॉर्ममध्ये स्वतः एंट्री करा. बोलणं ताजं असतं, अक्षर लागतं, आणि मोबाईलची सगळी तपासणीही मिळते. समासातलं मात्र एका वेगळ्या वहीत घर क्रमांकासकट उतरवा, आणि दर वीस घरांनी ती वही सुरुवातीपासून वाचा.