जिवाणूंच्या सायीचं चामडं: लातुरातला दहा महिन्यांचा वापर

फेब्रुवारी ते नोव्हेंबर चार वस्तू रोज वापरात होत्या: पाकीट, वहीचं वेष्टण, खांद्याची झोळी आणि चपलेचे पट्टे. सगळ्या घरीच गोड चहावर वाढवलेल्या तावांच्या, म्हणजे जिवाणूंची जाड साय धुऊन-वाळवून केलेल्या चामड्यासारख्या पत्र्यांच्या. पाकीट आणि वेष्टण झकास टिकलं, झोळी दुरुस्त करत चालली, पट्टे मात्र सहा आठवड्यांत गेले.

कोमागाटाईबॅक्टर झायलिनस हे जिवाणू साखर खाऊन सेल्युलोजचे (कापूस ज्याचा बनतो त्याच पदार्थाचे) अतिसूक्ष्म धागे सोडतात आणि गोड चहावर साय धरावी तसा थर धरतो. हा थर सेल्युलोजचाच असतो, हे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ ए. जे. ब्राउन यांनी १८८६ साली दाखवलं. कपड्यासाठी त्याचा विचार फॅशन डिझायनर सुझान ली यांनी २००३पासून लंडनमध्ये पुढे नेला. केरळातली ‘मलाई’ ही कंपनी नारळाच्या पाण्यावर हेच वाढवते. नाव अगदी चपखल आहे.

६० बाय ४५ सेंटिमीटरच्या प्लॅस्टिकच्या टबाला १० लिटर पाणी, १ किलो साखर, ६० ग्रॅम चहा. उकळून, गाळून, कोमट होऊ द्यायचं, मग आधीच्या टबातलं १ लिटर जुनं आंबट पाणी आणि सायीचा तुकडा विरजण म्हणून. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं नको, आंबटाने ते झिजतं. वर दुपदरी मलमल घट्ट बांधायची, नाहीतर चिलटं शिरून अळ्या होतात.

आपल्याकडे पहिली अडचण बोअरच्या पाण्याची. त्यातले क्षार आंबटपणा मारतात, विरजण उशिरा लागतं आणि तेवढ्यात बुरशी जागा धरते. अशा पाण्याला विरजण दुप्पट घ्या आणि २०० मिलि पांढरं व्हिनेगर घाला. हिरवा-काळा केसाळ ठिपका दिसला की सगळा टब ओतून द्यायचा, ठिपका खरवडून भागत नाही. दुसरी अडचण उन्हाची. या जिवाणूंना २८ ते ३० अंश मानवतं. मे महिन्यात टबाभोवती ओलं गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवला तरी साय पातळच आली. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी-मार्च हेच खरे हंगाम.

तीन आठवड्यांत बोटभर जाड साय येते. तोवर टब हलवायचा नाही. हलला की साय बुडते, वर नवी धरते आणि पुढे दोन्ही एकजीव राहत नाहीत. चपलेचे पट्टे याच कारणाने गेले. घडीवर आधी पांढरी रेघ उमटली, मग कांद्यासारखे पापुद्रे सुटले, आणि त्या फटीत घाम शिरून पट्टा फुगला. आता निकाल पक्का आहे: पायात याचं काही घालू नये.

धुण्यात कंटाळा केला तर साखर आत राहते, आंबूस वास येतो आणि मुंग्या लागतात. लिटरला ४ ग्रॅम कॉस्टिक सोडा घालून ८० अंशांच्या आसपास तासभर ठेवायचं (हातमोजे आणि चष्मा हवाच, सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर नाही), मग पाच पाण्यांतून काढायचं. जड पाण्यात सोड्याने तावावर पांढरी पूड बसते. तिसऱ्या पाण्यात थोडं व्हिनेगर घातलं की ती जाते.

खरी मेख ग्लिसरीनची. ते न घालता ताव कागदासारखा कडक वाळतो आणि एप्रिलच्या कोरड्या झळांत घडीवर तडकतो. लिटरला २०० मिलि ग्लिसरीनमध्ये रात्रभर भिजवलेली झोळी उन्हाळ्यात मऊसूत होती, श्रावणात मात्र तिला अक्षरशः घाम फुटला आणि सदऱ्याला डाग पडले. १०० मिलिवालं पाकीट दोन्ही ऋतूंत नीट राहिलं. म्हणून १०० मिलिच धरा, आणि मार्चमध्ये घडीवर बोटाने दोन थेंब चोळा.

वाळवणं फळीवर, सावलीत. उन्हात कडा आधी आखडून ताव पानासारखा वळतो. लोखंडी पत्रा वापरू नका, चहातल्या टॅनिनशी (तुरट द्रव्याशी) लोखंड मिळून काळे डाग पडतात. काळाच रंग हवा असेल तर हीच गोष्ट कामाची! दोन ओले ताव एकमेकांवर ठेवून वाळवले तर डिंकाशिवाय जुळतात.

शिलाईला टाका ५ मिलिमीटरचा. बारीक टाक्याला ताव पोस्टाच्या तिकिटासारखा भोकांवरून फाटतो, आणि उसवलं तर भोक बुजत नाही. झोळीचा बंद असाच निघाला. आतून मांजरपाटाची पट्टी लावल्यावर दोन किलो वजन बिनतक्रार पेलतो.

पाऊस हा याचा वैरी. तीन भाग डबल बॉइल्ड (लवकर वाळणारं) जवस तेल आणि एक भाग मेण, गरम पाण्यावर वितळवून तीन पातळ हात दिले की शिंतोडे झेलतं. धो धो पावसात तरीही फुगतंच. तेलाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. पाण्यात भिजवून पसरून वाळवा.

पाण्याचा हिशोबही मांडायला हवा. एका तावाला १० लिटर वाढवायला, धुवायला ४० लिटरच्या पुढे. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलेल्या शहरात हा आकडा टोचतो. सोड्याचं पाणी पुढच्या तावाला पुन्हा चालतं. पहिली दोन धुणवणं झाडांना घालू नका, शेवटची दोन बादलीत धरून पुढच्या तावाच्या पहिल्या धुण्याला वापरा. १५ लिटर तिथेच वाचतं.