आयुर्वेदाची चाचणी: ठरलेलं सूत्र की प्रकृतीनुसार औषध?

ठरलेल्या सूत्राची, म्हणजे सगळ्यांना एकाच ठराविक मिश्रणाचं औषध देण्याची, चाचणी राबवायला सोपी. पुण्याच्या संधिवाततज्ज्ञांच्या पुढाकाराने झालेल्या, 2013 साली प्रसिद्ध झालेल्या गुडघेदुखीच्या चाचणीत 440 रुग्ण होते. दोन आयुर्वेदिक सूत्रं, ग्लुकोसामाइन (सांध्यांसाठी घेतलं जाणारं पूरक) आणि सेलेकॉक्सिब (वेदनाशामक गोळी) असे चार गट, 24 आठवडे. वेदना कमी होण्यात गट जवळपास सारखे ठरले. आयुर्वेदिक गटांत 7 जणांचं एसजीपीटी (यकृताला इजा झाल्यास रक्तात वाढणारा घटक) वाढलं, औषध थांबवल्यावर उतरलं. नियमित रक्ततपासणी नसती तर हे कळलंच नसतं, म्हणून ती कधीच गाळू नये. उणीव एकच, पण मोठी: सगळ्यांना एकच औषध, वैद्य असं देत नाही.

कोइम्बतूरच्या आमवाताच्या (रूमेटॉइड आर्थ्रायटिसच्या) चाचणीने (2011) ती भरून काढली. प्रत्येकाला प्रकृती पाहून औषध. तरी आंधळेपणा टिकवला, म्हणजे कुणाला कोणतं औषध खरं ते रुग्णाला कळू दिलं नाही. प्रत्येक रुग्ण दोन्ही उपचार घेतो, एका गटात आयुर्वेदिक औषध नकली, दुसऱ्यात मेथोट्रेक्सेट (आमवातावरचं नेहमीचं आधुनिक औषध) नकली, तिसऱ्यात दोन्ही खरी. अडचण नकली काढ्याची: रंग, वास, कडवटपणा जुळला नाही तर रुग्ण ओळखतो. शिवाय रुग्ण फक्त 43. एवढ्यांत फरक दिसला नाही म्हणजे उपचार समान ठरले, असं म्हणता येत नाही.

एखाद्या औषधाची मात्रा आणि सुरक्षितता तपासायची तर पहिली रीत घ्यावी. वैद्यांची उपचारपद्धतीच तपासायची तर दुसरी, मात्र रुग्ण कितीतरी जास्त हवेत.