सरकारी दवाखान्यातलं सॉर्टेड सिमेन: कालवडीला घ्या, चौथ्या वेताच्या गायीला नको

संकरित गायीला गोऱ्हा झाला की त्याचं करायचं काय, हा प्रश्न जिल्ह्यातल्या प्रत्येक गोठ्यात आहे. औताची कामं ट्रॅक्टरवर गेली आणि २०१५ पासून गोवंश कत्तलीसाठी विकता येत नाही. म्हणून पशुसंवर्धन खात्यामार्फत सवलतीत मिळणारी लिंगनिर्धारित रेतमात्रा, म्हणजे कालवडच व्हावी म्हणून शुक्रजंतू वेगळे काढलेलं आपलं सॉर्टेड सिमेन, ही दूधवाल्यांसाठी मोठ्या कामाची सेवा आहे. १०० वासरांत ९०च्या आसपास कालवडी होतात. घरचीच कालवड दुधाला आली तर बाजारातून गाय आणायचा खर्च वाचतो.

पण हे सिमेन कुठल्याही गायीला भरवायचं, म्हणजे त्याचं कृत्रिम रेतन करायचं, नाही. नेहमीच्या कांडीत, म्हणजे गोठवलेलं वीर्य भरलेल्या बारीक नळीत, २ कोटींच्या घरात शुक्रजंतू असतात, हिच्यात २० ते ४० लाख. नेहमीच्या कांडीला १० कालवडी गाभण राहत असतील तर हिला ७-८ धरा. त्यामुळे २५० किलोच्या पुढची निरोगी कालवड, फार तर पहिल्या-दुसऱ्या वेताची गाय निवडा. दोनदा उलटलेली (भरवूनही गाभण न राहिलेली), व्याल्यावर वार अडकलेली किंवा उतारवयाची गाय असेल तर साधीच कांडी बरी.

सेवा कमी पडते ती वेळेत. दुसरीवर चढणारी नव्हे, तर दुसरी अंगावर चढली तरी गप उभी राहणारी गाय खऱ्या माजावर असते. सोट, म्हणजे माजात गळणारा चिकट स्राव, काचेसारखा स्वच्छ आणि तार धरणारा हवा. दुधट किंवा पिवळट असेल तर गर्भाशय खराब आहे, आधी उपचार करा. साध्या कांडीला सकाळचा माज संध्याकाळी आणि संध्याकाळचा दुसऱ्या दिवशी सकाळी, हा नियम चालतो. सॉर्टेड शुक्रजंतू गर्भाशयात कमी वेळ तग धरतात, म्हणून उभा माज दिसल्यापासून १६ ते २० तासांनी भरवलेलं चांगलं. आता हिशेब मांडा. संध्याकाळी ६ला माज दिसला तर दुसऱ्या दिवशी १० ते २ ही वेळ येते आणि तेव्हा दवाखाना उघडा असतो. सकाळी ७चा माज असेल तर ती वेळ रात्री ११नंतर येते. अशा वेळी हट्ट न करता संध्याकाळी साधी कांडी घ्यावी. रात्री सेवा मिळत नाही, ही या सोयीतली सर्वांत मोठी उणीव आहे आणि खात्याने ती भरून काढायला हवी.

कांडी भरताना शेजारी उभे राहा. उणे १९६ अंशांच्या नायट्रोजनमधून काढलेली कांडी ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद धरायची, कोरडी पुसायची आणि लगेच भरायची. तळहातावर चोळून किंवा हौदाच्या पाण्यात बुडवून वितळवली तर मुळात कमी असलेले शुक्रजंतू तिथेच मरतात. थर्मामीटर आणि कोमट पाण्याचा थर्मास आहे का, हे विचारायला संकोच करू नका. दोन कालवडी माजावर असतील तर कांड्या एकेक करूनच वितळवायला सांगा.

आपल्याकडचा एप्रिल-मे महागड्या कांडीसाठी नाही. पारा चाळिशीपार गेला की गायी दिवसा माज दाखवत नाहीत आणि गर्भ टिकण्याचं प्रमाणही घसरतं. पावसाळा सरल्यापासून फेब्रुवारीपर्यंत भरवा. गाळप हंगामात नुसत्या उसाच्या वाढ्यावर (शेंड्याच्या हिरव्या पाल्यावर) ठेवलेली जनावरंही अडचणीत येतात, कारण वाढ्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. कडबा, हिरवा चारा आणि रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण महिनाभर आधीपासून सुरू करा.

पंढरपुरी म्हैस असेल तर शुद्ध पंढरपुरीचीच कांडी मागा. साधी मिळाली तरी चालेल, पण या जातीत मुऱ्हा मिसळू नका.

कानात १२ अंकी बिल्ला नसेल तर तो आधी मारून घ्या, नोंद त्यावरच होते. पैशांची पावती घ्या. १८ ते २४ दिवसांत पुन्हा माज येतोय का पाहा आणि ६० ते ९० दिवसांत गर्भतपासणी करून घ्या. रिकामी कांडी फेकण्याआधी तिच्यावरचा वळूचा क्रमांक गोठ्याच्या वहीत उतरवा. होणारी कालवड माजावर येईल तेव्हा तिला तिच्याच बापाची कांडी भरली जाऊ नये, यासाठी तोच क्रमांक लागतो.