ब्राझीलचा तरुण क्लब निवडताना: कुयाबा, नोव्होरिझोंतिनो, आमाझोनास की रेत्रो?

फ्लामेंगो, पाल्मेइरास, कोरिंथियान्स यांना सोडून ब्राझीलमधला एखादा नवा क्लब आपला म्हणायचा असेल, तर या शतकात जन्मलेले चार क्लब विचारात घेण्यासारखे आहेत. चौघेही झपाट्याने वर आले. त्यातले दोघे 2025 मध्ये घसरले, एक त्याच्या आदल्या वर्षी, आणि चौथा सर्वांत वरच्या श्रेणीच्या (सेरी ए; तिच्याखाली अनुक्रमे बी, सी, डी) उंबरठ्यावरून दोनदा परतला. म्हणून नुसता चढण्याचा वेग पाहून निवड केली तर फसगत ठरलेली. शिडी कशी आहे, पैसा कोणाचा आहे आणि पाय सुटला तर क्लब कुठे जाऊन अडकतो, हे आधी पाहावं.

| क्लब | स्थापना | गाव | 2026 ची श्रेणी | घरचं मैदान |
|---|---|---|---|---|
| कुयाबा | 2001 | कुयाबा, मातो ग्रोसो | सेरी बी | आरेना पांतानाल |
| नोव्होरिझोंतिनो | 2010 | नोव्हो होरिझोंते, साओ पावलो | सेरी बी | जोर्जाओ |
| आमाझोनास | 2019 | मानाउस, आमाझोनास | सेरी सी | आरेना दा आमाझोनिया, कार्लोस झामित |
| रेत्रो | 2016 | कामाराजिबे, पेर्नांबुको | सेरी डी | आरेना दे पेर्नांबुको |

रेड बुल ब्रागांतिनो या यादीत मुद्दाम घेतलेला नाही. रेड बुलने 2007 मध्ये कांपिनास भागात स्वतःचा नवा क्लब काढला, पण तपभर खटपट करूनही तो राष्ट्रीय पातळीवर फार वर गेला नाही. मग 2019 मध्ये त्यांनी सेरी बीमधल्या, 1928 साली स्थापन झालेल्या ब्रागांतिनोची सूत्रं हाती घेतली. त्याच वर्षी सेरी बी जिंकली आणि 2021 मध्ये सुल-अमेरिकाना या दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांच्या दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धेची अंतिम फेरीही गाठली. जिने चढण्याऐवजी वरच्या मजल्यावरचं घरच विकत घेतलं. व्यवहार म्हणून चोख, पण तरुण क्लबाची चढण म्हणून त्याच्याकडे बघता येत नाही.

शिडी एक नाही, दोन आहेत

युरोपचं फुटबॉल पाहून आलेल्याला ब्राझीलमध्ये पहिला गोंधळ इथे होतो. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक राज्याची स्वतःची स्पर्धा चालते, तिच्या स्वतःच्या श्रेणी असतात, स्वतःची बढती आणि घसरण असते. त्यानंतर राष्ट्रीय स्पर्धा: सेरी ए, बी, सी, डी. राज्यात घसरलात म्हणून राष्ट्रीय श्रेणी जात नाही. नोव्होरिझोंतिनो 2022 मध्ये साओ पावलो राज्याच्या पहिल्या श्रेणीतून खाली गेला, तरी त्याच वर्षी तो राष्ट्रीय सेरी बी खेळत होता. 2023 मध्ये राज्याची दुसरी श्रेणी खेळून परत वर आला, तेव्हाही सेरी बीमध्येच होता.

खरी अडचण सेरी डीची. ए, बी आणि सी या श्रेणींत एकदा शिरलात की घसरेपर्यंत जागा तुमची. सेरी डीत तसं नाही. ती जागा एका वर्षाची असते आणि पुढच्या वर्षीची जागा मुख्यतः राज्य स्पर्धेतल्या किंवा राज्य चषकातल्या कामगिरीवर पुन्हा मिळवावी लागते. ती हुकली तर क्लबाला राष्ट्रीय श्रेणीच उरत नाही. राज्य स्पर्धा संपली की त्या वर्षीचं मुख्य काम संपलं, खेळाडूंचे करार संपले, गेटवरची कमाई बंद. नवे क्लब बुडतात ते बहुधा इथेच, आणि मैदानावर हरण्याशी त्याचा संबंध थोडा असतो. सात-आठ महिने पगार कोण देणार, हा प्रश्न असतो.

डीमधून वर येणंही लॉटरीसारखं. 2025 पर्यंत तिथे 64 क्लब असत (2026 पासून 96). गट, मग बाद फेऱ्या. उपांत्यपूर्व फेरीची दोन सामन्यांची लढत जिंकली की बढती मिळे. 2025 पर्यंत वर्षभर उत्तम खेळून त्या दोन सामन्यांत गडबड झाली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. सीमध्ये 2022 पासून 20 क्लब एकमेकांशी एकेकदाच खेळत आले. पहिले आठ चार-चारच्या दोन गटांत जातात आणि प्रत्येक गटातले दोघे वर. बीमध्ये मात्र 38 फेऱ्यांची लीग, तिथे नशिबापेक्षा संघाची खोली लागते. बहुतेक तरुण क्लब डी आणि सी उत्साहाच्या जोरावर पार करतात आणि बीमध्ये दमतात.

कुयाबा: सर्वांत लांब पल्ला

फ्लामेंगो आणि पाल्मेइरासकडून खेळलेल्या गाउचो या आघाडीच्या खेळाडूने 2001 मध्ये क्लब काढला. 2003 आणि 2004, पहिल्या दोन्ही व्यावसायिक हंगामांत राज्य अजिंक्यपद. मग पैसे आटले आणि 2006 नंतर क्लब काही काळ बंदच होता. 2009 मध्ये रबर व्यवसायातल्या ड्रेश कुटुंबाने तो घेतला आणि तिथून एकेक पायरी नीट चढला: 2011 मध्ये सीकडे बढती, 2018 मध्ये बीकडे, 2020 च्या हंगामात चौथा येऊन एमध्ये. त्या राज्याचा क्लब सर्वोच्च श्रेणीत 1986 नंतर दिसला नव्हता.

मधला एक सामना ओळखीसाठी पुरेसा आहे. 2015 च्या कोपा वेर्देच्या (मुख्यतः उत्तर आणि मध्य-पश्चिम भागातल्या क्लबांचा चषक) अंतिम लढतीत रेमोविरुद्ध पहिला सामना 1-4 हरले, परतीचा 5-1 जिंकले. त्या चषकामुळे 2016 ची सुल-अमेरिकाना खेळायला मिळाली. तेव्हा क्लब अजून तिसऱ्या श्रेणीत होता.

एमध्ये चार वर्षं टिकले (2021 ते 2024). खर्चाला लगाम हे मालकांचं धोरण आणि प्रशिक्षकाच्या बाबतीत हात सैल: 2021 च्या लीगचा पहिलाच सामना बरोबरीत सुटला आणि प्रशिक्षक घरी गेला. 2023 मध्ये बारावे आले, ही सर्वोत्तम कामगिरी. 2024 मध्ये संघ तळाशी घुटमळत असताना ऑगस्टमध्ये डेव्हर्सन हा मुख्य स्ट्रायकर अतलेतिको मिनेइरोला गेला आणि मोसम संपताना क्लब बीमध्ये. चाहत्यांना राग आला, हिशेबनीसाला आला नसावा. कर्ज काढून टिकण्यापेक्षा विकून घसरणं परवडतं, असा हा क्लब आहे. तुम्हाला हे पटत असेल तर कुयाबा घ्या, नाहीतर दर जुलै-ऑगस्टमध्ये मनस्ताप ठरलेला.

नोव्होरिझोंतिनो: सर्वांत कमी आवाज करणारा

सुमारे 40 हजार वस्तीचं गाव. तिथला जुना क्लब 1990 मध्ये साओ पावलो राज्याच्या अंतिम फेरीत पोचला होता आणि हरला तो वर उल्लेख आलेल्या ब्रागांतिनोकडूनच. 1999 मध्ये तो बंद पडला. 2010 मध्ये त्याच पिवळ्या-काळ्या रंगात, तेच वाघाचं चिन्ह घेऊन नवा क्लब उभा राहिला. कागदोपत्री दोन वेगळ्या संस्था आहेत, जुन्या क्लबाच्या ट्रॉफ्या नव्याच्या नावावर धरत नाहीत. आकडेवारी पाहताना इथे हमखास घोटाळा होतो.

नवा क्लब राज्याच्या तळाच्या श्रेणीतून सुरू झाला, 2016 मध्ये राज्याच्या पहिल्या श्रेणीत आला. पुढचं पाऊल मोठं: 2020 ला डीमधून सी, 2021 ला सीमधून बी, लागोपाठ. मग 2023 ला पाचवा आणि 2024 लाही पाचवा. तेव्हा वर जात ते पहिले चार.

दोनदा असं होऊनही क्लब विस्कटला नाही, यालाच आम्ही जास्त गुण देतो. गावाबाहेरच्या भव्य मैदानाचं भाडं नाही. राज्य स्पर्धाही साओ पावलोची, म्हणजे वर्षाच्या सुरुवातीलाच पाल्मेइरास, सांतोस यांच्याशी सामने आणि त्या स्पर्धेचा प्रक्षेपणाचा वाटा. आमाझोनास किंवा मातो ग्रोसोच्या राज्य स्पर्धेत हे मिळत नाही, आणि ही तफावत क्लबाच्या कर्तृत्वाची नाही, नकाशाची आहे. उणीव एकच: रोमांच शोधणाऱ्याला हा क्लब थोडा अळणी वाटेल.

आमाझोनास: वेग बघायचा तर हाच

मे 2019 मध्ये स्थापना आणि त्याच वर्षी राज्याची दुसरी श्रेणी जिंकली. 2022 मध्ये डीमधून वर. 2023 मध्ये राज्य अजिंक्यपद आणि सेरी सीचं विजेतेपद, अंतिम लढतीत ब्रुस्केवर मात. पाचव्या वर्षी बी. त्या राज्यातला क्लब बीमध्ये याआधी शेवटचा दिसला होता तो 2006 मध्ये, साओ राइमुंदो. 2024 मध्ये बीमध्ये अकरावे, शिवाय कोपा दो ब्राझील या राष्ट्रीय बाद-फेरी चषकात फ्लामेंगोशी दोन सामने. दोन्ही एकेका गोलने हरले. 2025 मध्ये मात्र सीमध्ये घसरण.

कारण शोधायला फार लांब जायला नको, नकाशा उघडा. मानाउसहून देशाच्या इतर भागांत जाणारा धड रस्ता नाही, त्यामुळे बाहेरचा जवळजवळ प्रत्येक सामना विमानाने. दक्षिणेतल्या फ्लोरियानोपोलिसला तिथल्या अवाई क्लबाशी खेळायला जायचं तर सरळ रेषेत सुमारे 3 हजार किलोमीटर, म्हणजे श्रीनगर ते कन्याकुमारीएवढं. 38 पैकी 19 सामने बाहेरचे. प्रवासाच्या दिवशी सराव बुडतो, सावरायला वेळ मिळत नाही आणि असे दिवस मोसमाच्या उत्तरार्धात साचतात. पाहुण्या संघाला मानाउसची दमट हवा जाचते हे खरं, पण त्याला हा त्रास वर्षातून एकदाच होतो.

इथे एक गोष्ट लक्षात येते. चारपैकी तीन क्लब 2014 च्या विश्वचषकासाठी बांधलेल्या मैदानांवर खेळतात. मानाउस आणि कुयाबामध्ये बड्या क्लबांविना ही मैदानं पांढरे हत्ती ठरणार, असं तेव्हा सगळेच म्हणत होते. तरुण क्लबांना आयतं 40 हजारांवर आसनांचं मैदान मिळालं खरं, पण साध्या लीग सामन्याला ते रिकामं दिसतं आणि उघडण्याचा खर्च तोच राहतो. म्हणून आमाझोनास छोट्या कार्लोस झामितवरही खेळतो.

रेत्रो: खेळाडू घडवणारं घर

नाव लिहायचं रेत्रो, तिथे म्हणतात 'हेत्रो'. 2016 मध्ये खासगी शिक्षणसंस्था चालवणाऱ्या लाएर्सियो गेर्रा यांनी रेसिफेजवळ काढला. व्यावसायिक संघ 2019 चा. रचना उलटी आहे: आधी सराव केंद्र आणि वयोगटांचे संघ, मग मोठा संघ. फिफाच्या नियमाने खेळाडूच्या आंतरराष्ट्रीय बदलीच्या रकमेतला 5 टक्के वाटा 12 ते 23 वयात त्याला घडवणाऱ्या क्लबांत विभागला जातो, त्यामुळे एखादा मुलगा पुढे मोठा झाला तर वर्षानुवर्षं पैसे येत राहतात. पण त्याला वेळ लागतो, आणि तोवर संस्थापकाचा खिसा.

राज्याच्या अंतिम फेरीत 2022, 2023 आणि 2025 असे तीनदा हरले. 2024 मध्ये सेरी डी जिंकली. 2025 हे वर्ष विचित्रच: कोपा दो ब्राझीलमध्ये सेरी एमधल्या फोर्तालेझाला पेनल्टींवर बाहेर काढलं आणि त्याच वर्षी सीमधून परत डीमध्ये गेले. म्हणजे 2026 नंतरची जागा पुन्हा मिळवावी लागणार. चौघांत सर्वांत जास्त जोखीम इथे आहे.

बघायचं कसं

ब्राझीलने 2019 मध्ये घड्याळ पुढेमागे करणं थांबवलं, त्यामुळे ब्राझिलिया वेळ आपल्यापेक्षा वर्षभर साडेआठ तास मागे. दुपारी 4 चा सामना आपल्याकडे रात्री 12.30 ला, संध्याकाळी 7 चा पहाटे 3.30 ला, आणि रात्री 9.30 चा दुसऱ्या दिवशी सकाळी 6 ला, चहाच्या वेळी. मानाउस आणि कुयाबा ब्राझिलियापेक्षा आणखी एक तास मागे आहेत. राष्ट्रीय महासंघ ब्राझिलिया वेळ देतो, स्थानिक बातम्या बरेचदा स्थानिक. तासाची चूक तिथे होते.

क्लबाची खरी तब्येत पाहायची तर दोन कागद उपयोगी. महासंघ राष्ट्रीय सामन्यांचा 'बोर्देरो' जाहीर करतो: किती तिकिटं विकली गेली, किती जमले, मैदान, पोलीस, पंच यांवर किती गेले, हातात काय उरलं. ओळीने चार-पाच घरच्या सामन्यांत शेवटचा आकडा उणे दिसला, तर मालक पदरचे घालतोय असं समजा. दुसरी खेळाडू-नोंदणीची रोजची यादी, 'बीआयडी'. तिच्यात नाव आल्याशिवाय खेळाडू मैदानावर उतरू शकत नाही, त्यामुळे समाजमाध्यमांवरच्या स्वागताच्या चित्रांपेक्षा ही यादी विश्वासार्ह. सगळं पोर्तुगीजमध्ये असतं. गोव्यात घरी कोणी ती भाषा शिकलेलं असेल तर बोर्देरोच्या ओळी लावायला पाच मिनिटं पुरतात.

एकच क्लब घ्यायचा असेल तर आमचं मत नोव्होरिझोंतिनोला. दोन घेणार असाल तर जोडीला आमाझोनास, कारण सेरी सीमधून तो लगेच परततो की तिथेच रुततो, हे एका मोसमात कळेल. कुयाबा निवडताना जुलैमध्ये आवडता खेळाडू जाईल असं आधीच गृहीत धरा. रेत्रोबाबत निर्णय राज्य स्पर्धा संपेपर्यंत लांबवा: पुढच्या वर्षीची राष्ट्रीय जागा मिळाली की नाही, ते तेव्हा बरंचसं स्पष्ट झालेलं असतं.