ब्लॅक फॉरेस्टची 'शैक्षणिक सहल' आणि व्हिसा नाकारल्याची थाप

एका शाळेच्या जर्मनी सहलीत पालकांचे पैसे बुडाले, त्याची ही हकिकत. एजंटाचं नाव देत नाही. दुकानाची पाटी बदलून हीच पद्धत पुन्हा येते.

नाताळच्या सुट्टीत 'ब्लॅक फॉरेस्टमध्ये वनपरिसंस्थेचा अभ्यास' असं माहितीपत्रक होतं. खर्चाच्या तपशिलात पहिली ओळ 'वनप्रवेश परवाना शुल्क'. जर्मनीत वनकायद्यानेच कोणालाही जंगलात पायी फिरायची मुभा आहे. तिथल्या राष्ट्रीय उद्यानातल्या पायवाटांनाही तिकीट नाही. २६ डिसेंबर १९९९ च्या लोथार वादळाने आडवं केलेलं जंगल तसंच ठेवून त्यातून काढलेली लोथारपाथ ही सुमारे ८०० मीटरची वाट फुकटच आहे. जंगल पुन्हा कसं उभं राहतं हे मुलांना दाखवायला याहून चांगली जागा शोधून सापडायची नाही. पत्रकात तिचा उल्लेखही नव्हता. पैसे लागतात ते ट्रिबर्गच्या धबधब्याला किंवा बाड विल्डबाडच्या झाडांच्या शेंड्यांतून जाणाऱ्या १,२५० मीटरच्या लाकडी मार्गाला.

त्याच पत्रकात गुटाखचं जुन्या शेतघरांचं खुलं संग्रहालय होतं. ते हिवाळ्यात बंद असतं. शिवाय झुरिकला उतरायचं, ऱ्हाईन धबधबा, टिटिसे तलाव, ककू घड्याळांचं दुकान आणि मुक्कामाला फ्रँकफर्ट, हे सगळं एका दिवसात. डिसेंबरात तिथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. युरोपात बसचालकाला साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची असते आणि एरवी दिवसाला नऊ तासांच्या वर चालवता येत नाही. 'अभ्यास' म्हणून उरतं ते घड्याळाचं दुकान. इतक्यावरच शंका यायला हवी होती, पण शाळेच्या लेटरहेडवर आलेला कागद कोणी तपासत नाही.

खरा घाव व्हिसात होता. करारात एक ओळ होती: 'व्हिसा नाकारल्यास रक्कम परत मिळणार नाही.' म्हणजे तिकीट, हॉटेल, बस काहीही न करता पैसे खिशात घालायचे असतील तर 'व्हिसा नाकारला' हे कारण एजंटाच्या सगळ्यात सोयीचं. नोव्हेंबरअखेर नेमकं तेच सांगण्यात आलं, तेही सगळ्या मुलांचा व्हिसा एकदम नाकारला म्हणून.

शेंगेन व्हिसा (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा) नाकारला की वकिलात छापील नमुन्यात कारणावर खूण करून अर्जदाराला पत्र देते, पासपोर्टसोबत. ते पत्र एकाही घरी आलं नाही. त्याआधीची खूण आणखी सोपी होती. १२ वर्षांवरच्या अर्जदाराला बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. गेल्या ५९ महिन्यांत दिलेले असतील तरच सूट. आठवी-नववीच्या मुलांना व्हिसा केंद्रावर कोणी बोलावलंच नाही, म्हणजे अर्जच झाले नव्हते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निर्णयाला साधारण १५ दिवस आणि कधी ४५ दिवस लागतात. ऑक्टोबर संपेपर्यंत ठसे झाले नसतील तर नाताळची सहल होत नाही असंच समजावं.

व्हिसा शुल्क म्हणून प्रत्येकी ९० युरो घेतले होते. अभ्यासासाठी जाणारे शाळकरी विद्यार्थी आणि सोबतचे शिक्षक यांना शेंगेन नियमांत शुल्कमाफी आहे. शाळेचं पत्र आणि कार्यक्रम पाहून वकिलात ठरवते. व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क मात्र द्यावंच लागतं. सहल 'शैक्षणिक' आणि शुल्क मात्र पर्यटकाचं असेल, तर अर्ज कोणत्या प्रकारात भरणार हे आधी विचारा.

विमानाचं म्हणाल तर पालकांना पीएनआर दिला होता आणि तो कंपनीच्या साइटवर दिसतही होता. ग्रुप बुकिंगमध्ये जागा धरून ठेवल्या की पीएनआर तयार होतो. मुदतीत नावं आणि पूर्ण पैसे दिले नाहीत तर त्या जागा सुटतात. तिकीट निघालं याचा पुरावा म्हणजे १३ आकडी तिकीट क्रमांक. एअर इंडियाचा ०९८ ने, लुफ्तान्साचा २२० ने सुरू होतो. तो नाही, तर तिकीट नाही.

हप्ते एका व्यक्तीच्या बचत खात्यावर गेले. पावतीत टीसीएस, म्हणजे परदेश सहलीच्या पैशांवर एजंटाने गोळा करून सरकारकडे भरायचा कर, घेतल्याचं लिहिलं होतं. हा कर पालकाच्या पॅनवर जमा होऊन प्राप्तिकर पोर्टलवर दिसतो. तिमाही उलटून थोडे दिवस गेल्यावरही दिसला नाही तर तो बहुधा भरलेलाच नाही.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा; रक्कम खात्यातून पुढे सरकायच्या आत गोठवली तरच हाती लागते. पोलिसांकडे एकेकट्याने न जाता सगळ्या पालकांच्या पावत्या, करार आणि व्हॉट्सॲपचे संदेश तारखेनुसार लावून एकत्र द्या. ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते. तिथे शाळेलाही प्रतिवादी करता येतं. पैसे शाळेच्या सूचनेवरून भरले असतील तर ती नोटीस जपून ठेवा.