तरी वगर, तरी ओछी, तरी वधारे

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका सेवउसळीच्या दुकानाबद्दल लिहायचंय. नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे थोडी तक्रार आहे, आणि दुकान चालवणाऱ्या काकांचा मुलगा हल्ली मोबाइलवर सगळं वाचतो.

दुकान म्हणजे तरी काय, एक ओटा, त्यावर दोन मोठी पातेली, चार बाकं आणि एक बेसिन, ज्याचा नळ बंद करायला वरचा भाग दाबून धरावा लागतो. पाटी आहे, पण तिच्यावरची अर्धी अक्षरं उन्हाने उडालीत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण पुण्यात ती मला आठवड्यातून एकदा सांगावी लागते. सेवउसळ म्हणजे मिसळ नव्हे. मटकी नाही, फरसाण नाही, खाली पोहे नाहीत. पांढरा वाटाणा रात्रभर भिजवायचा आणि इतपतच शिजवायचा की निम्मा अख्खा राहील, निम्मा रश्श्यात विरघळेल. त्यावर जाडसर सेव, चिरलेली कांद्याची पात, लिंबू, आणि दुसऱ्या पातेल्यातून तिखट तेलाची तरी. सोबत पाव. उसळ स्वतः फार बोलत नाही. जे काय बोलायचं ते तरी बोलते.

आमच्या आजीला हे नावच मान्य नव्हतं. “मोड न आलेल्या वाटाण्याला उसळ म्हणतात होय?” असं ती दर वेळी म्हणायची आणि मग पार्सलची पिशवी स्वतःकडे ओढायची. ही उसळ बडोद्यात आणली ती आपल्याच लोकांनी, हा तिचा दुसरा सिद्धांत. 1875 साली नाशिककडच्या कवळाण्याहून बारा वर्षांचा गोपाळ इथे दत्तक आला, त्याचा सयाजीराव झाला, आणि त्याच्यामागून देशावरून जे कारकून, शिक्षक, आचारी आले त्यांनी येताना मिरची बांधून आणली, असं ती सांगायची. पुरावा मागितला की म्हणायची, “गुजराती माणूस साखर न घालता काही शिजवतो का? मग?” पुढे वाद घालण्यात अर्थ नसायचा.

माझा या दुकानाशी संबंध सहाव्या वर्षापासूनचा. रविवारी सकाळी बाबा मला स्कूटरवर पुढे उभं करायचे, दादा मागे. आधी कमाटीबाग. तिथल्या म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. त्याच्या बरगड्या मोजता मोजता दादाचं आणि माझं भांडण लागायचं, कारण आमची बेरीज कधीच जुळली नाही. मग परत येताना सेवउसळ. बाबा ऑर्डर द्यायचे: दोन मीडियम, एक तरी वगर. वगर म्हणजे गुजरातीत ‘शिवाय’. ती एक माझी.

काका ती ऑर्डर आतल्या पोराला ओरडून सांगायचे, “एऽक वगऽर!” सगळी बाकं माझ्याकडे बघतायत असं मला वाटायचं. तरी वगर म्हणजे पिवळट, कोमट, आजारी माणसाच्या जेवणासारखी प्लेट. काकांना माझं खरं नाव कधी कळलंच नाही. मला बघितलं की म्हणायचे, “आवी गई वगर!” आज मी चोवीस वर्षांची आहे, नोकरी करते, स्वतःचा इन्कम टॅक्स स्वतः भरते. अजूनही म्हणतात.

‘तरी ओछी’पर्यंत, म्हणजे कमी तरीपर्यंत, मी पाचवीत पोहोचले, तेही चोरून. बाबा सुटे पैसे शोधत होते तेवढ्यात मी दादाच्या प्लेटमधून चमचाभर लाल तेल माझ्यात ओतलं. नाकातून, डोळ्यांतून, कानांतूनसुद्धा पाणी येतं हे त्या दिवशी कळलं. काकांनी काही न बोलता ताकाचा ग्लास पुढे सरकवला आणि त्याचे पैसे लावले नाहीत. बाबांनी घरी सांगितलं नाही. आमच्या घरात आईपासून लपवलेल्या ज्या चार-पाच गोष्टी आहेत, त्यातली ही पहिली.

‘वधारे’, म्हणजे जास्त, कॉलेजात. आमचं टेक्नॉलॉजीचं कॉलेज कलाभवनात, म्हणजे दुकानापासून पायी अंतरावर. 1890 साली सयाजीरावांनी सुरू केलेलं हे कलाभवन. दादासाहेब फाळकेही इथेच शिकले, ही माहिती आम्हाला प्रत्येक समारंभात ऐकवली जायची. फाळक्यांनी काय खाल्लं ते कोणी सांगत नसे. पहिल्या सेमिस्टरला मॅथ्समध्ये एटीकेटी लागली त्या दिवशी चौघीजणी वर्गातून तडक इथे आलो. मी म्हटलं, “काका, तरी वधारे.” काकांनी पळी हवेत थांबवली आणि विचारलं, “वगर ने वधारे?” मग दोन पळ्या घातल्या. पुढची वीस मिनिटं मला उचक्या लागल्या होत्या आणि मॅथ्सचा विचार एकदाही आला नाही.

आता परीक्षण. उसळ अजूनही उत्तम. वाटाणा एकसारखा शिजलेला, सोड्याचा वास नाही (शेजारच्या गल्लीतल्या दुकानात येतो, तिकडे जाऊ नका). पातीचा कांदा ताजा. ताक आंबट निघालं तर बदलून देतात. पाव मऊ, पण सोमवारी आदल्या दिवशीचा असतो, तव्यावर गरम करून मागा.

माझी तक्रार सेवेबद्दल आहे. सेवा नव्हे, सेव. माझ्या शाळेच्या दिवसांत प्रत्येक बाकावर सेवेचा स्टीलचा डबा असायचा, हवी तेवढी घ्या. सेव भिजून मऊ झाली की वर पुन्हा कोरडी घालायची, आणि असं उसळ संपेपर्यंत चालायचं. खाण्याची खरी पद्धत तीच. एका घासात अर्धी सेव कुरकुरीत आणि अर्धी विरघळलेली हवी. गेल्या वर्षीपासून डबे गेले. आता एक वाटी मोजून मिळते, जास्त हवी तर दहा रुपये. प्लेट सत्तर रुपयांना झाली याचं मला काही नाही, तेल-बेसन महागलंय. पण सेव मोजायला लागलात तर नावात सेव आधी का लावता? हे मी काकांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, पोरं मूठभर घेतात आणि निम्मी प्लेटमध्ये टाकून जातात. ते खरं आहे. त्या पोरांमध्ये मीही होते.

पुण्याला गेल्यापासून मी बरंच काही खाऊन बघितलं. पुण्यातली मिसळ ठीक आहे. रश्श्याला ‘सॅम्पल’ का म्हणतात याचं समाधानकारक उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही. नाशिकला मिसळीबरोबर पापड, दही आणि कुठे कुठे जिलबीही येते, म्हणजे नाश्ता करून थेट झोपायचं. कोल्हापूरचा कट मात्र मान्य. ब्रेडच्या स्लाइसबरोबर खाल्ला आणि मान खाली घालून बाहेर आले. माझी रूममेट कोल्हापूरची. तिला आमची सेवउसळ एकदा खाऊ घालायचीच असं ठरवून मी दिवाळीनंतर परत जाताना पार्सल घेतलं. उसळ डब्यात, सेव पिशवीत, आणि तरी आजीच्या जुन्या हॉर्लिक्सच्या बाटलीत, झाकणाखाली प्लॅस्टिकचा कागद लावून.

रात्रीची गाडी, माझी वरची बर्थ. सुरत गेल्यावर डब्यात लसणाचा वास पसरला. आधी लोकांना वाटलं कोणीतरी जेवतंय. मग खालच्या बर्थवरच्या काकूंच्या पांढऱ्या उशीवर एक नारिंगी थेंब पडला. नंतर दुसरा. त्या शांतपणे म्हणाल्या, “अगं बाळ, तुझं काहीतरी गळतंय.” माझा लॅपटॉपचा चार्जर, एक कुर्ता आणि आजीने दिलेली अनारसे असलेली पिशवी, सगळं लाल. काकूंची उशी मी माझ्याशी बदलली आणि पुण्यापर्यंत त्या तेलकट उशीवर झोपले. बाटलीत उरलेली अर्धी तरी घालून उसळ गरम करून रूममेटला दिली. तिने दोन घास खाल्ले, विचार केला आणि म्हणाली, “छान आहे, पण ही आमटी आहे गं.” आम्ही अजून एकत्र राहतो, एवढंच सांगते.

ऑगस्ट 2024 मध्ये बडोद्यात विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा मी पुण्यात होते. रस्त्यांवर, लोकांच्या अंगणात मगरी आल्याचे व्हिडिओ ऑफिसातले सगळे मला पाठवत होते, जणू मगर माझ्या ओळखीची आहे. घरचा फोन लागत नव्हता. आमचं घर उंचावर, त्यामुळे तसं काही होणार नाही हे माहीत असूनही मी दोन दिवस नीट जेवले नाही. मग बाबांचा फोन आला. पाणी उतरलं, लाइट आली, आजी बरी आहे, हे सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, “आणि तुझं दुकान उघडलं बरं का. वाटाणा नव्हता, नुसता पाव आणि तरी देत होते. लोक तेवढंही खात होते.” तेव्हा कुठे माझ्या पोटात भूक लागल्याचं मला कळलं.

बाबांना आता अ‍ॅसिडिटी आहे. मागच्या रविवारी आम्ही दोघं गेलो, तर ऑर्डर मी दिली आणि त्यांच्यासाठी ‘ओछी’ सांगितली. त्यांनी मला डोळ्यांनी खूण केली, मी दुर्लक्ष केलं. काकांनी दोघांकडे बघितलं आणि बाबांच्या प्लेटमध्ये मीडियम घातली. आईला सांगायच्या नाहीत अशा गोष्टींत एकीची भर पडली.

कोणाला जायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा. दुकान साडेआठला उघडतं, मंगळवारी बंद. साडेदहाच्या आत पोहोचा. तरी म्हणजे पातेल्यात वर तरंगणारं तिखट तेल, आणि पहिली पन्नास-साठ गिऱ्हाइकं ते वरून काढून नेतात. अकराला गेलात तर तळाचं लाल पाणी मिळेल आणि तुम्ही म्हणाल की हिने उगाच कौतुक केलं. उशीर झालाच तर ताक घेऊन बसा. काका बारापर्यंत नवी तरी करतात. लसूण तेलात पडला की आवाजावरून कळतं, तेव्हा उठून ओट्यापाशी उभे राहा आणि पळी बुडू देऊ नका, “उपरथी” म्हणा. भिंतीकडच्या बाकावर मात्र बसू नका. त्याचा एक पाय आखूड आहे, आणि त्याच्याखाली घातलेली फरशी कोणीतरी नेहमी लाथेने सरकवतं.